क्रूझवरून बंदरात उतरल्यावर नेट कसं मिळवायचं? भोगीच्या दिवशी आम्ही पेनांगला आहोत

कडकभाकरी
28 नोव्हेंबर, रात्री 10.15

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही पाच जण सिंगापूरहून क्रूझला जातोय. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून भाऊ आणि मी मिळून हा बेत केला. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्रींचा फेरा. बुकिंग करताना भावाची रजा आणि तिकिटाचा दर एवढंच बघितलं. पैसे भरून झाल्यावर आईने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि गप्प झाली. भोगीच्या दिवशी आम्ही पेनांगला असणार.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. भोगीला सोलापुरात संमती कट्ट्यावर सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाचा कुंभार कन्येशी अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, येतात, बाराबंदी घातलेले मानकरी असतात, आणि 'सत्यम सत्यम' म्हटलं की लाखो हातांतून अक्षता पडतात. बाबा 74 वर्षांचे आहेत. आजोबांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा गेले तेव्हापासून त्यांची एकही अक्षता चुकलेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही वॉकर घेऊन गेले होते. "असू दे गं, पुढच्या वर्षी बघू" एवढंच म्हणाले, पण त्या रात्री बराच वेळ ओट्यावर बसून होते.

पुतण्या सोलापुरातच आहे, तो व्हिडिओ कॉल लावेल. प्रश्न आमच्या बाजूचा आहे. जहाजावरच्या इंटरनेटवर विसंबावं की पेनांगला उतरून तिथलं नेट घ्यावं? सिम तिथं घ्यायचं का? फुकट वायफाय मिळतं का? बाबांचा फोन जुना आहे, माझा दोन वर्षांपूर्वीचा. आम्ही कुणीच पूर्वी जहाजात बसलेलो नाही.

नवीपेठकर
28 नोव्हेंबर, रात्री 10.52

ताई, आधी एक महत्त्वाचं. जहाजात पाय ठेवल्याबरोबर सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग वाटलं तर वायफाय चालू करा. हे मी पैसे मोजून शिकलोय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. माझं पोस्टपेड, रोमिंग चालू ठेवलेलं. खोल समुद्रात फोनला पूर्ण रेंज दिसायला लागली, तर बायकोला म्हटलं बघ, इथं पण टॉवर आहे. तो जहाजाचाच टॉवर होता. जहाजावर छोटं मोबाइल केंद्र बसवलेलं असतं, त्याला जोडणी उपग्रहाची, आणि त्याचा दर जमिनीवरच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. मी एकही फोन केला नव्हता. फोटो आपोआप वर चढत होते, व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाच्या ग्रुपचे व्हिडिओ आपोआप उतरत होते. घरी आल्यावर 11,400 रुपयांचं बिल. कंपनीचं नाव घेत नाही. भांडलो, अर्ज केले, शेवटी भरले. त्या पैशात आईचं कानाचं मशीन आलं असतं, अजून मनाला लागतं.

शेंगाचटणी
29 नोव्हेंबर, सकाळी 7.30

अभिनंदन आई-बाबांना! आमचा पण विचार चाललाय, म्हणून वाचतेय.

विजापूररोड_मास्तर
29 नोव्हेंबर, सकाळी 9.05

नवीपेठकरांनी सांगितलं त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे लक्षात राहील.

जमिनीवरचा टॉवर समुद्रात फार लांब पोचत नाही. जुन्या टू-जीच्या टॉवरला तर बांधीव मर्यादाच 35 किलोमीटरची आहे. प्रत्यक्षात जहाजाच्या लोखंडी भिंती आणि खिडकी नसलेल्या खोल्या यांमुळे त्याच्या किती तरी आधी रेंज जाते. जहाजाचं स्वतःचं मोबाइल केंद्र सहसा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरवर, चालू करतात. बंदराजवळ बंद ठेवतात. त्यामुळे बंदरात रेंज दिसली तर ती बहुधा जमिनीची असते आणि भर समुद्रात दिसली तर जहाजाची. नेटवर्कच्या नावात मेरिटाइम, अ‍ॅट सी असं काही दिसलं, किंवा 901 ने सुरू होणारा आकडा दिसला, की समजा हे आपलं नव्हे.

जहाजाचं वायफाय हा वेगळा प्रकार. त्याचं पॅकेज वेगळं विकत घ्यावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी ते उपकरणागणिक असतं. तेही उपग्रहावरूनच येतं. पूर्वी ते उपग्रह 36,000 किलोमीटरवरचे असायचे. हाक मारल्यावर उत्तर यायला अर्धा सेकंद लागायचा, व्हिडिओ कॉलमध्ये दोघं एकमेकांच्या बोलण्यावर चढायचे. आता बऱ्याच मोठ्या जहाजांवर स्टारलिंकचं उपग्रह-इंटरनेट आलं आहे, ते उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून फरक मोठा आहे. पण ताई, एका जहाजावर तीन-चार हजार माणसं. संध्याकाळी सगळी एकदम फोन काढतात. वडिलांचा तो एकच क्षण आहे. तो जहाजाच्या वायफायवर टाकू नका. जमिनीवर उतरा.

कडकभाकरी
29 नोव्हेंबर, दुपारी 1.40

सर, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मग उतरायचं पक्कं. आता सिम की वायफाय?

पूर्वभाग_लूम
29 नोव्हेंबर, रात्री 11.20

ताई, मी टॉवेलच्या ऑर्डरींसाठी सिंगापूर-मलेशिया करतो, क्रूझने नाही, पण नेटचं तेच. अनुभवाचं सांगलालो.

ई-सिम, म्हणजे नेटवरून फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, घ्या आणि ते घरी बसूनच टाका. फोनमध्ये चालतं का बघायला *#06# दाबा. आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाच्या, खाली ईआयडी म्हणून लांबलचक आकडा आला तर चालतं. तिघा देशांत चालेल असं आशियाचं एकच पॅक बघा. एकट्या मलेशियाचं घेतलं तर फुकेतला परत शोधाशोध.

दोन-तीन खाचाखोचा आहेत. ई-सिम उतरवायला नेट लागतं, म्हणून तिथं गेल्यावर करू म्हणाल तर अडकाल. क्यूआर कोड त्याच फोनवर आला तर कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? आमच्या कन्ना चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर छापून घेतो, सोपं पडतं. एकदा टाकलेलं पुसू नका, बऱ्याच कंपन्यांचा कोड दुसऱ्यांदा चालत नाही. काही पॅकचे दिवस टाकल्या दिवसापासून मोजतात, काहींचे तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, ते विकत घेतानाच वाचा.

सेटिंगमध्ये डेटासाठी ई-सिम निवडा, त्याचं डेटा रोमिंग चालू. आपल्या भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद. आयफोन असेल तर एका सिमचा डेटा गेला की दुसऱ्यावर उडी मारायची जी सोय असते तीही बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलू का विचारेल, नाही म्हणा. जुन्याच नंबरावर चालतं.

बाबांच्या फोनची काळजी नको. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट द्या, पाचही जण भागतील.

शेंगाचटणी
30 नोव्हेंबर, सकाळी 8.10

माझ्या फोनवर ईआयडी आला नाही. आता?

पूर्वभाग_लूम
30 नोव्हेंबर, सकाळी 10.00

मग साधं सिम. विमानतळावर मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. क्रूझवाल्यांना मात्र एक अडचण. बंदरात सहा-आठ तास मिळतात, त्यातला तास सिमच्या रांगेत घालवायचा आणि संध्याकाळी देश सोडायचा. चार दिवसांच्या फेऱ्यात तीन देशांची तीन सिमं कोण घेणार? त्यापेक्षा सोबतच्या एकाच्या फोनवर ई-सिम, बाकीच्यांना हॉटस्पॉट.

आणि सिंगापूरच्या दक्षिण किनाऱ्यावर फोन समोरच्या इंडोनेशियाचा टॉवर पकडतो. जहाज तिथूनच निघतं. एका देशाचं पॅक असेल तर नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

अक्कलकोटरोड
30 नोव्हेंबर, दुपारी 4.30

फुकट वायफाय असताना एवढा खर्च कशाला? सिंगापुरात वायरलेस अ‍ॅट एसजी म्हणून सरकारी वायफाय आहे, मॉल, स्टेशन, वाचनालय, सगळीकडे. युरोपात आम्ही बार्सिलोनाहून क्रूझ केली तेव्हा वायफायफॉरईयू असं नाव बऱ्याच गावांच्या चौकात दिसायचं, युरोपीय संघाने गावांना पैसे देऊन बसवलेलं. कॉफी घ्या, पासवर्ड घ्या. दहा दिवस काढले आम्ही.

नवीपेठकर
30 नोव्हेंबर, सायंकाळी 6.15

सिंगापूरच्या वायफायला नोंदणी करताना मोबाइलवर ओटीपी येतो. आपल्या सिमवर रोमिंग बंद असेल तर तो येणार कसा? माझं तिथंच अडलं होतं.

खलाशी_जुळेसोलापूर
1 डिसेंबर, पहाटे 3.50

ताई, मी क्रूझ जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम करतो. सात वर्षं झाली. बंदरात उतरून नेट शोधणं हा आमच्या जगण्याचाच भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जहाज धक्क्याला लागलं की पहिल्या तासात हजारो माणसं एकदम खाली उतरतात. टर्मिनलमधलं फुकट वायफाय त्या तासात नावापुरतं असतं. जोडलं जातं, पान उघडत नाही. सगळे तिथंच खांबाला टेकून उभे राहतात. दोन गल्ल्या पुढं जा. टर्मिनलसमोरचं पहिलं कॉफीचं दुकान सोडा, तिसरं गाठा.

कर्मचारी कुठं जातात ते बघा, असं प्रवाशांना कुणीतरी सांगतं. खरं आहे, पण एक विनंती. काही बंदरांत खलाशांसाठी केंद्रं असतात, मिशन टू सीफेअरर्स, स्टेला मारिस अशा संस्थांची. तिथं आम्हाला वायफाय, सिम, बसायला खुर्ची मिळते. ती जागा प्रवाशांची नाही. आम्हाला दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये दोन तास मिळतात. त्यात केंद्र गाठायचं, घरी बोलायचं, परत यायचं. माझी मुलगी झाली तेव्हा मी तिला पहिल्यांदा अशाच एका केंद्रात पाहिलं. कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची होती, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता, आणि पलीकडे सिव्हिलच्या खोलीतला पंखा फिरताना आधी दिसला, मग ती दिसली.

आता परिस्थिती बदलतेय. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात, 2006 च्या एमएलसीत, दुरुस्ती झाली, ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू आहे. जहाजमालकाने शक्य तितकं इंटरनेट खलाशांना द्यायचं, आणि पैसे लावले तर ते वाजवी असावेत, असं त्यात आहे. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. घर बांधायला मिळालेल्या रजेइतकी मोठी.

पेनांगचं सांगतो. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, तो जॉर्जटाऊनच्या, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहराच्या, अगदी तोंडाशी आहे. गाडी लागत नाही. फाटकाबाहेर समोरच घड्याळाचा पांढरा मनोरा आहे. तिथून लिटल इंडिया चालत दहा-बारा मिनिटं, बाबांच्या चालीनं वीस धरा. फुकेतला मात्र बरीच जहाजं पटाँगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीनं, टेंडरनं, किनाऱ्यावर सोडतात. त्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही. तुमचा सोहळा पेनांगच्या दिवशी आलाय, हे चांगलंच झालं.

कडकभाकरी
1 डिसेंबर, सकाळी 9.20

दादा, मुलीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला सांग, जहाजावर तू भेटलास तर शेंगाची चटणी देईन.

अक्षता दुपारी दीड-दोनच्या सुमारास होतात. पेनांगला तेव्हा किती वाजतील?

विजापूररोड_मास्तर
1 डिसेंबर, सकाळी 10.45

मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे तिथं चार-साडेचार. थायलंड दीड तास पुढे आहे, आणि गोंधळ होतो तो इथंच. जमिनीवर उतरून तिथलं नेटवर्क पकडलं की फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, जहाज मात्र आपल्या घड्याळानं चालतं. काही जहाजं थायलंडला घड्याळ मागे घेतात, काही घेत नाहीत. जहाजावर परतायची वेळ जहाजाच्या वेळेत सांगितलेली असते. एकाच्या हातात साधं मनगटी घड्याळ ठेवा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याला हात लावू नका.

पेनांगहून जहाज किती वाजता सुटतंय?

कडकभाकरी
1 डिसेंबर, सकाळी 11.10

साडेसहाला. परतायची वेळ साडेपाच लिहिलीय.

विजापूररोड_मास्तर
1 डिसेंबर, सकाळी 11.30

म्हणजे हाताशी तास-सव्वातास. मिरवणूक रेंगाळली तर त्याहून कमी. धक्क्यापासून लांब जाऊ नका. ती टेकडीवरची रेल्वे वगैरे सकाळीच उरका, तीननंतर फक्त लिटल इंडिया किंवा घड्याळाचा मनोरा.

सातरस्ता_काका
1 डिसेंबर, रात्री 8.00

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. फुकट वायफायवर बँकेचे व्यवहार कुणीही करू नका. कुणीही त्याच नावाचं खोटं वायफाय उभं करू शकतो. तुम्हाला वाटतं टर्मिनलचं आहे, असतं शेजारच्या बाकावरच्या माणसाचं. पैसे पाठवायचे असतील तर मोबाइल डेटाच वापरा.

डेटा_आणि_डाळ
1 डिसेंबर, रात्री 9.35

काका, मत मान्य, पण घाबरवायला नको म्हणून थोडं जोडतो. मी हेच काम करतो. आजकाल बँकेचं अ‍ॅप आणि नीट चालवलेली संकेतस्थळं सगळी माहिती कुलूप लावूनच पाठवतात, मधल्या माणसाला ती वाचता येत नाही. धोका येतो तो दोन ठिकाणी. वायफायला जोडताना जे पान उघडतं ते कार्डाचा नंबर किंवा पासपोर्टचा फोटो मागू लागलं तर तिथंच थांबा. आणि ब्राउझर लाल इशारा देत असताना 'तरीही पुढे जा' दाबू नका. लोक घाईत दाबतात.

ओटीपीचं जास्त महत्त्वाचं आहे. प्रवासाचं ई-सिम बहुतेक फक्त डेटाचं असतं, बँकेचा ओटीपी येणार तो भारतातल्या नंबरावर. म्हणून भारतातलं सिम काढून ठेवू नका. निघण्यापूर्वी कंपनीकडून रोमिंग चालू करून घ्या, येणाऱ्या एसएमएसला पैसे लागतात का ते लेखी विचारा, आणि डेटा मात्र बंद ठेवा. काकांचा मुद्दा इथं शंभर टक्के बरोबर आहे, ओटीपी कुणालाही वाचून दाखवायचा नाही, जहाजाच्या मदतकक्षातल्या माणसालाही नाही.

सातरस्ता_काका
1 डिसेंबर, रात्री 9.58

पटलं. आमच्या काळात हे नव्हतं. लाल इशाऱ्याचं घरी मुलांनाही सांगतो.

दुबईवाली_सोलापुरी
2 डिसेंबर, दुपारी 12.20

या धाग्यावर पुढे कुणी दुबईच्या क्रूझसाठी येईल म्हणून लिहून ठेवते. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप चालतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत. नेट कितीही चांगलं असलं तरी कॉल लागत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्रभर काळजी करत बसतात.

अक्कलकोटरोड
2 डिसेंबर, दुपारी 2.05

युरोपचं पण सांगतो मग. एका युरोपीय देशाचं सिम घेतलं की संघातल्या सगळ्या देशांत त्याच दरात चालतं, 15 जून 2017 पासून तो नियम आहे. नॉर्वे, आइसलँडही त्यात येतात. पण तुर्कस्तान, ट्युनिशिया, अल्बानिया येत नाहीत, आणि भूमध्यातली क्रूझ हमखास यातल्या एखाद्या बंदराला लागते. तुर्कस्तानातल्या कुशादासीला आमचं सिम मेलं. आणि तो नियम जहाजाच्या उपग्रहवाल्या नेटवर्कला लागू नाही, ते युरोपच्या पाण्यात असलं तरी.

फुकट वायफायचं मी आधी जोरात बोललो. आमचे दहा दिवस निघाले खरे, पण आम्हाला कुठल्या वेळेला काही गाठायचं नव्हतं. ताईंना आहे. तुम्ही ई-सिमच घ्या.

लक्षद्वीप_जाऊन_आलो
2 डिसेंबर, रात्री 10.10

परदेश नको असेल तर मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ असते, तिथं हा व्यापच नाही, आपलंच सिम चालतं. पूर्वी बेटांवर सगळं उपग्रहावर होतं. आता कोचीहून समुद्राखालून ऑप्टिकल फायबरची केबल टाकली आहे, जानेवारी 2024 मध्ये तिचं उद्घाटन झालं, कवरत्तीसह अकरा बेटं जोडली. मधला समुद्राचा दिवस मात्र पूर्ण कोरा. मला तो फार आवडला. वडिलांशी इतकं सलग मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

खलाशी_जुळेसोलापूर
5 डिसेंबर, पहाटे 4.15

ताई, एक राहिलं. सिंगापुरात शिरताना एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता ना, ते क्रूझ संपवून परत सिंगापुरात उतरतानाही पुन्हा भरावं लागतं. आगमनाच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येतं, म्हणजे तेव्हा तुम्ही जहाजावरच असणार. शेवटच्या रात्री लोक मदतकक्षापुढे रांग लावतात. तुम्ही फुकेतला जमिनीवर असतानाच भरून टाका, ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात.

कडकभाकरी
9 जानेवारी, रात्री 11.30

उद्या वंदे भारतने मुंबई, मग विमान. ई-सिम टाकलं, क्यूआर दोन कागदांवर छापून घेतला, एक माझ्या आणि एक भावाच्या पिशवीत. गूगल मॅपवर जॉर्जटाऊनचा नकाशा उतरवून ठेवला. फोटो आपोआप चढणं बंद, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आपोआप उतरणं बंद. बाबांच्या मनगटावर त्यांचं चावीचं घड्याळ आहे, तेच जहाजाच्या वेळेला लावणार. तैलाभिषेकाच्या, म्हणजे अक्षतांच्या आदल्या, दिवशी आम्ही जहाजात चढतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

नवीपेठकर
10 जानेवारी, सकाळी 6.50

एअरप्लेन मोड!! प्रवास सुखाचा होवो.

कडकभाकरी
19 जानेवारी, रात्री 9.45

आलो काल. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सगळं सांगायचंच होतं.

जहाजाच्या वायफायचं आम्ही पॅकेज घेतलंच नाही. पेनांगला धक्क्यावर उतरून ई-सिम चालू केलं, अर्ध्या मिनिटात नेट आलं. सकाळी मनोऱ्यापाशी थांबलो. तो व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या राज्यासाठी बांधला, म्हणून साठ फूट उंच, वर्षाला एक फूट. बाबांनी मान वर करून तो नीट बघितला. दुपारी लिटल इंडियात गेलो. क्वीन स्ट्रीटवर महामरिअम्मनचं देऊळ आहे, 1833 चं. गोपुर बघून आईचा जीव थाऱ्यावर आला.

साडेतीनला मी पुतण्याला फोन लावला आणि माझे हातपाय गळाले. आमच्याकडे नेट भरपूर होतं. सोलापुरात नव्हतं. संमती कट्ट्यापाशी लाखो माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकजण व्हिडिओ करतोय. पुतण्याचा चेहरा एकदा दिसला, मग चौकोन चौकोन झाले, मग नुसता गोल फिरत राहिला. इतक्या जणांनी इतका विचार केला आणि गर्दीचा टॉवर कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. चार वेळा लावला. बाबा म्हणाले, "राहू दे, त्याला दर्शन घेऊ दे."

भावाला सुचलं. पंचकट्ट्याजवळ त्याच्या मित्राचं घर आहे, घरात केबलचं ब्रॉडबँड. त्याने मित्राच्या बायकोला फोन केला, वहिनी, गच्चीवर जाता का. त्या माउलीने भाजलेल्या बाजरीच्या भाकऱ्या तव्यावरच ठेवल्या असतील, पण वायफायचं यंत्र जिन्यात आणून लावलं, गच्चीवर गेली आणि फोन कठड्यावर धरला. गच्चीवरून माणसं मुंगीएवढी दिसत होती. नंदीध्वज मात्र दिसले. सातही. आणि आवाज स्वच्छ येत होता, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र". कट्ट्याकडचा माईक तिथवर ऐकू येतो.

बाबांच्या हातात अक्षता नव्हत्या. समोर एका तमिळ माणसाचं किराणा दुकान होतं. आई त्याच्याकडे गेली. तिला तमिळ येत नाही, त्याला मराठी येत नाही. तिने मूठ करून डोक्यावर टाकल्यासारखं केलं, त्याला लगेच समजलं. त्याने पोत्यातले मूठभर तांदूळ कागदावर घेतले, हळदीच्या डब्यात बोट बुडवून त्यावर फिरवलं आणि पैसे घेतले नाहीत. बाबा दुकानाच्या पायरीवर बसले. फोन भावाने त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. 'सत्यम सत्यम' ऐकू आलं तेव्हा तिथं चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. बाबांनी अक्षता फोनवर टाकल्या. दोन-तीन दाणे काचेवरून घरंगळून त्यांच्या बुटावर पडले, ते त्यांनी उचलून खिशात ठेवले. दुकानदारही हात जोडून उभा होता.

पाच वाजून पाच मिनिटांनी जहाजावर परत आलो. चावीच्या घड्याळाप्रमाणे.

पुढच्या वर्षी कुणाला लागलं तर एवढं ध्यानात ठेवा. आपल्या बाजूच्या नेटइतकीच सोलापूरच्या बाजूची तयारी करा. गर्दीतल्या माणसावर विसंबू नका, गच्चीवरचं ब्रॉडबँड असलेलं घर आधीच बघून ठेवा.

विजापूररोड_मास्तर
19 जानेवारी, रात्री 10.20

गर्दीचा टॉवर माझ्या लक्षात यायला हवा होता. दरवर्षी तिथं उभा असतो, तिथून माझा स्वतःचा फोन कधी लागत नाही. वहिनींना नमस्कार सांगा.

शेंगाचटणी
19 जानेवारी, रात्री 10.41

दोनदा वाचलं. बाबांच्या खिशातले दाणे आता कुठं आहेत?

कडकभाकरी
20 जानेवारी, सकाळी 7.15

देवघरात, कुंकवाच्या करंड्यात.

खलाशी_जुळेसोलापूर
22 जानेवारी, पहाटे 4.05

ताई, आमचं जहाज फेब्रुवारीत पेनांगला लागतंय. त्या दुकानाचं नाव काय? मला त्याला सोलापूरची चटणी द्यायचीय. बायको पाठवतेय.

कडकभाकरी
22 जानेवारी, सकाळी 8.30

पाटी तमिळमध्ये होती, वाचता आली नाही. मनोऱ्यावरून बीच स्ट्रीटने सरळ जा, मग उजवीकडे लिटल इंडियात वळा. देवळाच्या अलीकडे, बाहेर केळीचे घड टांगलेत आणि पायरी निळी रंगवलीय. पायरीची डावी कड फुटलेली आहे, बाबा त्या बाजूला बसले नव्हते.